ऑर्किडचे द्विपाद कीटक

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत ऑर्किडच्या परागवाहकांची, म्हणजे एका फुलातले पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेऊन पोहोचवणाऱ्या प्राण्यांची, जी यादी असते तीत मधमाश्या, गांधीलमाश्या, पतंग, फुलपाखरे, साध्या माश्या आणि क्वचित एखादा चिमुकला पक्षी यांची नोंद सापडते. परंतु फेब्रुवारीच्या आरंभापासून मार्चच्या आरंभापर्यंत लंडनच्या नैर्ऋत्य भागातील क्यू येथील राजोद्यानात थव्याने उतरणाऱ्या, लोकरीची टोपी घातलेल्या आणि हातात मोबाइल धरलेल्या एका मोठ्या द्विपाद प्राण्याचा त्या यादीत उल्लेख नसतो. ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने क्यूच्या वार्षिक ऑर्किड-प्रदर्शनाकडे पाहिले असता असे आढळते, की या प्राण्याला भुलवण्याची फुलांची रीत, त्याचे फुलासमोरचे वर्तन, त्याच्या पदरी पडणारा मोबदला आणि शेवटी त्याच्याकडून करवून घेतले जाणारे काम या कोणत्याही बाबतीत तो आपल्या षट्पाद सहकाऱ्यांहून फारसा निराळा नाही. फरक असलाच तर एवढाच, की मधमाशी तिकीट काढत नाही.

क्यूच्या वनस्पतिउद्यानाचा आरंभ १७५९ साली वेल्सची प्रिन्सेस ऑगस्टा हिच्या आश्रयाने झाला, आणि प्रदर्शन ज्या काचगृहात भरते ते ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स कॉन्झर्व्हेटरी’ तिच्याच स्मरणार्थ उभारलेले आहे. मात्र १९८७ साली त्याचे उद्घाटन प्रिन्सेस डायना यांच्या हस्ते झाल्यामुळे आत शिरणाऱ्या बहुतेकांची ते डायनाचेच असल्याची पक्की समजूत असते आणि ऑगस्टाबाईंच्या वाट्याला अडीचशे वर्षांनंतरही दाराजवळचा एक फलकच काय तो येतो. काचगृह, म्हणजे ज्याच्या भिंती व छप्पर काचेचे असून आतली उष्णता व दमटपणा माणसाच्या ताब्यात असतो अशी वास्तू. येथे त्या एकाच वास्तूत संगणकाच्या नियंत्रणाखाली दहा निरनिराळी हवामाने नांदवली जातात, निवडुंगाच्या कोरड्या वाळवंटापासून ते विषुववृत्तीय अरण्याच्या चिंब दमटपणापर्यंत. या दहांपैकी एकही हवामान लंडनचे नाही, हे फेब्रुवारी महिन्यात तिचे मुख्य आकर्षण ठरते.

प्रदर्शन वसंताचे म्हणवते, हे मात्र प्रथमदर्शनी धाडसाचे वाटते. बागेत त्या सुमारास झाडांना पान नसते, तळ्यावरून येणारा वारा कानाला झोंबतो, आणि इंग्रज मनुष्य गवतातून वर आलेल्या बर्फफुलाच्या, म्हणजे स्नोड्रॉपच्या, चार पांढऱ्या कळ्या पाहून वसंत आल्याचे जाहीर करतो तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ येत असते. मराठी वाचकाने यावर फार हसू नये, कारण त्याच्याही पंचांगात वसंतपंचमी माघातच येते आणि त्या दिवशी नाशिकचा मनुष्य स्वेटर घालूनच वसंताचे स्वागत करतो. शिवाय या हंगामाच्या निवडीमागे ऑर्किडचे स्वतःचे शास्त्र उभे आहे. ऑर्किडच्या सुमारे २८,००० जातींपैकी अंदाजे एक-तृतीयांश जाती कीटकाला मकरंद देत नाहीत. त्या नुसती मकरंद असल्याची बतावणी करतात, रंग तसा ठेवतात, खुणा तशा रेखतात, काही तर मकरंद साठवण्याची लांब नळी, जिला शुंडिका म्हणतात, तीही बाळगतात, आणि ती रिकामी ठेवतात. समशीतोष्ण प्रदेशांतल्या अशा अनेक फसव्या जाती वसंताच्या अगदी तोंडाशी फुलतात, कारण त्या वेळी हिवाळ्याच्या झोपेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या भुंग्यांच्या राण्या भुकेल्या असतात, अननुभवी असतात, आणि आजूबाजूला दुसरे फारसे काही फुललेले नसल्यामुळे त्यांना चोखंदळपणा परवडत नाही. नोव्हेंबरपासून दुपारी चार वाजता अंधार पाहिलेला, कोबी आणि पाऊस यांवर तीन महिने काढलेला आणि शाळांना मध्यावधी सुट्टी लागल्यामुळे घरात दोन मुले अंगावर आलेला लंडनकर याच शारीरिक व मानसिक अवस्थेत क्यूच्या दरवाजाशी येतो.

दरवाजा ओलांडताच पहिली गोष्ट घडते ती चष्म्याची. बाहेरच्या थंडीने गार पडलेल्या भिंगांवर आतल्या दमट हवेतील बाष्प क्षणार्धात साचते, आणि ज्याने फुले पाहण्यासाठी तासभर प्रवास केला त्याला पहिली दोन मिनिटे स्वतःचे नाकही दिसत नाही. प्रदर्शनाच्या तोंडाशी जो जमाव गोठलेला दिसतो आणि ज्याला मागून येणारे लोक सौंदर्यदर्शनाने आलेली समाधी समजतात, त्यातले निम्मे लोक केवळ चष्मा पुसत असतात. आणि मफलर लोकरीचा असल्यामुळे त्याने भिंग पुसले न जाता धुके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सारले जाते. त्यानंतर कपड्यांचा प्रश्न येतो. जाड कोट अंगात ठेवावा तर घाम फुटतो, हातावर घ्यावा तर मोबाइल धरायला हात उरत नाही, आणि कमरेला बांधावा तर अरुंद वाटेवरून वळताना त्याची बाही कुंड्यांवरून फिरते. पाच-सात मिनिटांच्या विचारानंतर कोट बहुधा बायकोकडे जातो. विवाहसंस्थेच्या उपयुक्ततेविषयी समाजशास्त्रज्ञांत मतभेद असले तरी काचगृहात ते फारसे आढळत नाहीत.

दृष्टी परत आल्यावर जे दिसते ते खरोखर डोळे दिपवणारे असते, हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या पद्धतीच्या पुष्पप्रदर्शनात, जसे पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरते, कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात आणि गुलाब हा गुलाब म्हणूनच उभा असतो. क्यूमध्ये मात्र ऑर्किडने ऑर्किड असणे पुरेसे मानले जात नाही. प्रत्येक वर्षी एका देशाची कल्पना घेतली जाते आणि हजारो झाडे तारेच्या सांगाड्यांत, शेवाळाच्या आड कुंड्या लपवून, अशी रचली जातात की त्यांतून त्या देशाचे दृश्य उभे राहावे. २०१७ साली भारत झाला, २०१८ साली थायलंड, २०१९ साली कोलंबिया. २०२० साली इंडोनेशिया होता तेव्हा फुलांचा ज्वालामुखी फुटत होता आणि वर ओरांगउटान लोंबत होते. महासाथीमुळे एक वर्ष खंड पडून पुढे कोस्टा रिका, मग कॅमेरून, २०२४ साली मादागास्कर आणि २०२५ साली पेरू. प्रदर्शनातला मोठा वाटा ज्या फुलांचा असतो ते फॅलेनॉप्सिस, म्हणजे पसरट पाकळ्यांचे व पतंगासारखे दिसणारे ऑर्किड, मुळात आशिया व ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांतले असून आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या कोणत्याही रानात ते आपोआप उगवत नाही. तरीही एखाद्या मुरलेल्या नटाप्रमाणे ते एका वर्षी थाई राजवाडा होते, दुसऱ्या वर्षी आफ्रिकेचा प्राणी होते, आणि प्रेक्षक दर वर्षी नवीन नाटक पाहिल्याच्या समाधानाने घरी जातो.

येथेही ऑर्किडचे शास्त्र दोन पावले पुढे आहे. फसवणुकीच्या धंद्यात मोठी अडचण असते ती गिऱ्हाइकाच्या स्मरणशक्तीची. एकदा रिकाम्या फुलात तोंड घालून परतलेली माशी तोच रंग व तोच गंध पुन्हा आढळल्यास तिकडे वळत नाही, म्हणून अनेक फसव्या जातींत एकाच माळावरच्या झाडांचे रंग व गंध शेजाऱ्यापेक्षा वेगळे असतात. एका जांभळ्या फुलाने शिकवलेला धडा पिवळ्या फुलापाशी उपयोगी पडत नाही आणि माशी पुन्हा आत शिरते. क्यूच्या व्यवस्थापकांनी हे मुद्दाम ऑर्किडकडून उचलले असे म्हणण्यास आधार नाही, परंतु दर वर्षी देश बदलण्याची युक्ती ज्यांना सुचली त्यांच्या कार्यालयापासून ऑर्किडचा संग्रह फार लांब नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

कीटकाच्या बुद्धीविषयी शास्त्रज्ञांत जुना वाद आहे आणि तो या ठिकाणी पाहणे उद्बोधक ठरते. बर्लिनजवळच्या स्पँडाऊ येथील शाळेचा मुख्याध्यापक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल याने १७९३ सालच्या आपल्या ग्रंथात प्रथम असे लिहिले, की काही ऑर्किड मकरंद देण्याचे नुसते सोंग करतात. ऑर्किडच्या परागणावर १८६२ साली पुस्तक लिहिणाऱ्या चार्ल्स डार्विनला, ज्याला नमुने पुरवणाऱ्यांत क्यूचे जोसेफ हुकर प्रमुख होते, हे काही पटेना; इतक्या पिढ्या आणि इतक्या ठिकाणी कीटक फसत राहतील आणि तरी यायचे थांबणार नाहीत, हे कीटकांच्या अकलेवर विश्वास ठेवणाऱ्या त्या सज्जनाला अशक्य वाटले, आणि मकरंद फुलाच्या आतल्या पडद्यांच्या दरम्यान कोठेतरी दडलेला असावा असा तर्क त्याने लढवला. शेवटी श्प्रेंगेलच खरा ठरला. डार्विनला फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी क्यूच्या काचगृहाबाहेर लागलेली रांग पाहण्याचा योग आला असता, तर हा वाद कदाचित लवकर मिटला असता.

रांगेतून आत गेलेल्या प्राण्याचे फुलासमोरचे वर्तन पुढीलप्रमाणे असते. तो प्रथम फुलाकडे न पाहता मोबाइलच्या पडद्यावरच्या फुलाकडे पाहतो, छायाचित्र घेतो, ते धूसर आले आहे असे पाहून पुन्हा घेतो, आणि मग मागे कोणी चुळबुळ करीत असल्याचे जाणवून पुढे सरकतो. फूल प्रत्यक्ष पाहायचे राहून गेल्याचे त्याच्या बहुधा ध्यानात येत नाही. दुसरी पायरी वास घेण्याची. बहुसंख्य बाजारी फॅलेनॉप्सिसना माणसाच्या नाकाला कळेल असा वास नसतो, तरी फूल म्हटले की नाक पुढे करण्याचा संस्कार इतका खोल असतो की सभ्य पोशाखातील प्रौढ माणसे एकामागून एक वाकतात, डोळे मिटतात, दीर्घ श्वास घेतात आणि शेजाऱ्याला ‘वा, काय मंद सुगंध आहे!’ असे सांगतात. शेजारीही मग वाकतो आणि त्यालाही तो येतो. खरा वास असलेली झाडे बाजूला निमूट उभी असतात. ऑन्सिडियमच्या ‘शॅरी बेबी’ नावाच्या प्रसिद्ध संकराला, म्हणजे दोन वेगळ्या झाडांच्या संयोगातून माणसाने केलेल्या नव्या वाणाला, चक्क चॉकलेटचा वास येतो, तर बल्बोफायलम या विशाल प्रजातीतल्या काही जातींना सडलेल्या मांसाचा, कारण त्यांना परागणासाठी घाणीवरच्या माश्या हव्या असतात. अशा फुलाला नाक लावणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा बदल पाहणे हे, छायाचित्रकारांच्या दृष्टीने, प्रदर्शनातले सर्वांत विश्वसनीय दृश्य होय.

तिसरी पायरी स्पर्शाची. ऑर्किडची पाकळी मेणासारखी जाड आणि इतकी नितळ असते की ती प्लास्टिकची असल्याचा संशय प्रत्येकाला येतो, आणि ‘हात लावू नये’ या पाटीचा अर्थ ‘कोणी पाहत नसताना लावावा’ असा जगातील सर्व भाषांत समानपणे लावला जातो. पाटीवरचे शास्त्रीय नाव वाचण्याचा प्रयत्न मात्र थोडेच करतात. ते वाचण्यासाठी गुडघ्यावर बसावे लागते, बसल्यावर मागच्या माणसाची पिशवी डोक्याला लागते, आणि एवढे करून वाचलेले लॅटिन नाव उठेपर्यंत विसरलेले असते.

या गर्दीत एखादे पॅफिओपेडिलम दिसले तर तेथे थांबण्यासारखे असते. त्याला चपलेचे ऑर्किड म्हणतात, कारण ऑर्किडच्या तीन पाकळ्यांपैकी खालची, जिला ओष्ठ किंवा ओठपाकळी ही संज्ञा आहे, ती येथे पुढून बंद व वरून उघड्या पायताणासारखी फुगलेली असते. त्याच्या काही जातींच्या पाकळ्यांवर गडद उंचवट्यांचे ठिपके असतात. फुलमाशीच्या मादीला ते मावा किडीचे थवे वाटतात, आणि मावा हे तिच्या अळ्यांचे अन्न असल्यामुळे अंडी घालायला ती तेथे येते. उतरताच तिचा पाय घसरतो आणि ती ओठपाकळीच्या पिशवीत पडते. पिशवीच्या भिंती आतून गुळगुळीत असतात, आल्या वाटेने वर चढता येत नाही. फक्त मागच्या बाजूला केसांची एक शिडी असते. त्या शिडीने ती वर चढते, पण वाट इतकी अरुंद असते की तिला आधी फुलाच्या जायांगाच्या टोकाखालून, म्हणजे जेथे पराग स्वीकारले जातात त्या भागाखालून, अंग घासत जावे लागते आणि मग परागकोशाजवळून. बाहेर पडताना पाठीवर चिकट परागांचा गोळा बसलेला असतो. तिला मावा मिळत नाही, मकरंद मिळत नाही, मिळते ती बाहेरची हवा आणि पाठीवरचे ओझे. मग थोड्या वेळाने तिला तसलेच दुसरे फूल दिसते.

प्रदर्शनाची वाटही सामान्यतः एकेरी असते. आत आलेल्याला मागे फिरता येत नाही, दोऱ्यांच्या मधून, पुलावरून, धबधब्याच्या कडेने तो पुढेच ढकलला जातो, आणि बाहेर पडून क्यू गार्डन्स स्टेशनाकडे जाणाऱ्या व्हिक्टोरिया गेटशी पोहोचतो तेव्हा तेथे बागेचे दुकान असते. ते दुकान ओलांडून जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या हातात बाहेर पडताना पारदर्शक कुंडीतले एक फॅलेनॉप्सिस असते, हे पाहिले म्हणजे फुलमाशीविषयी वाटणारी कीव बरीच कमी होते.

लंडनमधल्या मराठी कुटुंबांत या प्रदर्शनाला जाण्याचा एक ठरलेला प्रसंग असतो, तो मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून किंवा रत्नागिरीहून आलेल्या आईचा. बाळ दोन महिन्यांचे झालेले असते, आई घरात कंटाळलेली असते, बाहेर थंडी म्हणून कोठे नेता येत नाही, आणि काचगृहात ऊब असते. असा सर्व बाजूंनी विचार करून जावई तिकिटे काढतो. तिकिटाच्या पौंडांचे मनातल्या मनात रुपये झालेले असल्यामुळे आईंची प्रदर्शनाकडे पाहण्याची दृष्टी आरंभापासूनच चिकित्सक असते. लोंबत्या गुलाबी तुऱ्यासमोर त्या थांबतात. “अगं, हे तर आपल्या मागच्या आंब्यावर लोंबतं!” “आई, हळू बोल गं.” “हळू काय बोल? सीतेची वेणी ती. मे महिन्यात या बघायला फुकट.” जावई मध्यम मार्ग काढतो आणि म्हणतो, “आई, तुम्ही तिथेच उभ्या राहा, फोटो काढतो.”

आईंचे म्हणणे मूलतः बरोबर असते, आणि काचगृहातल्या अनेक पाट्यांपेक्षा नेमकेही असते. सीतेची वेणी, जिचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा आहे, सह्याद्रीत व कोकणात जुन्या झाडांच्या फांद्यांवर वाढते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हातभर लांबीचे गुलाबी-पांढरे तुरे सोडते. आसामात तेच फूल बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात आणि त्या राज्याचे ते राज्यपुष्प आहे. झाडावर वाढते म्हणून ते बांडगूळ मात्र नव्हे. बांडगूळ झाडाचा रस शोषते, तर ऑर्किडसारखी अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडावर नुसते बिऱ्हाड करणारी वनस्पती, पाऊस व हवेतला ओलावा यांवर आपले भागवते आणि मालकाकडे काही मागत नाही. भाडे मात्र देत नाही, हा भाग वेगळा.

मनुष्य हा ऑर्किडचा कीटक होय हे विधान येथवर अलंकारिक वाटले असेल, तर त्याचे शब्दशः प्रमाण बागेच्या उपाहारगृहात मिळते. व्हॅनिला हे वेलीसारखे वाढणारे ऑर्किड आहे आणि त्याच्या शेंगांतून तो सुगंध येतो. मेक्सिकोतून ही वेल जगभर नेली गेली तेव्हा फुले येत पण शेंगा धरत नसत, कारण तिचा तिकडचा परागवाहक बरोबर आला नव्हता. १८४१ साली हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने एका काडीने फुलातला पातळ पडदा उचलून अंगठ्याने पराग चेपण्याची युक्ती शोधली, आणि आजही मादागास्करसारख्या ठिकाणी लागवडीतल्या फुलांचे परागण त्याच पद्धतीने हाताने केले जाते. फूल उमलते ते एकाच दिवसाच्या काही तासांपुरते, त्यामुळे मळ्यात पहाटेपासून माणसे फुलाफुलावर हिंडत असतात, आणि मकरंद त्यांनाही मिळत नाही. प्रदर्शन पाहून थकलेला प्रेक्षक उपाहारगृहात बसून ‘इतकी ऑर्किड पाहिली, आता साधे काहीतरी घेऊ’ असे म्हणत व्हॅनिलाचे आइस्क्रीम मागवतो.

हौशी लोकांचे परागवाहन याहून व्यापक आहे. इंग्लंडमधल्या व्हाइच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी या माळ्याने केलेला पहिला कृत्रिम ऑर्किड-संकर १८५६ साली फुलला, तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याला आता आपल्या जातभाईंना वेड लागणार अशी धास्ती वाटली. आज नोंदणी झालेल्या संकरांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे आणि लिंडलीची धास्ती रास्त होती असे दिसते. इतक्या अपत्यांना नावे पुरवणे सोपे नसल्यामुळे ती माळ्यांच्या बायकांवरून, मुलांवरून आणि राष्ट्रप्रमुखांवरून ठेवली जातात; सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानात तर पाहुण्या पुढाऱ्याला नवा संकर अर्पण करण्याची रीतच आहे आणि मार्गारेट थॅचर यांच्या नावाचे डेंड्रोबियम तेथे आहे. निसर्गात जे दोन ऑर्किड एकमेकांना कधी भेटले नसते, त्यांचे पराग दात कोरण्याच्या काडीने इकडून तिकडे नेणारा हा जो निवृत्त गृहस्थ ऑर्किड-मंडळाच्या बैठकीत आढळतो, त्याच्याइतका निष्ठावंत परागवाहक ऑर्किडला आपल्या सबंध इतिहासात लाभलेला नाही. याउलट ब्रिटनमध्येच रानात उगवणारे ‘बी ऑर्किड’ पाहावे: त्याचे फूल मधमाशीच्या मादीचे हुबेहूब रूप घेऊन नराची वाट पाहत बसते, पण त्या बेटावर योग्य तो नर फिरकतच नाही, आणि शेवटी त्याचे परागपुंज, म्हणजे परागांचे गोळे, आपोआप खाली झुकून स्वतःच्याच फुलावर टेकतात. ज्याला मनुष्य लाभला नाही त्याचे असे होते.

क्यूच्या ऑर्किडसमोर न भुललेल्या पाहुण्यांची एक नोंद इतिहासात आहे, आणि तीही फेब्रुवारीतलीच. १९१३ साली मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी, ज्यांना सफ्रजेट म्हणत, रात्री बागेत शिरून ऑर्किडगृहाच्या काचा फोडल्या आणि आतली मोलाची झाडे उपटून टाकली. त्याच महिन्यात त्यांनी बागेतले चहाघरही जाळले. देशातल्या स्त्रीला मत नाही आणि ब्राझीलच्या फुलाला मात्र कोळशाची शेगडी आहे, हा हिशेब त्यांना पटण्यासारखा नव्हता, आणि तो आज मांडून पाहिला तरी सरकारच्या बाजूने फारसे काही बोलता येत नाही.

राहता राहिली दुकानातून घरी आलेली कुंडी. खाली रेडिएटर आणि वर थंड काच अशा खिडकीच्या कट्ट्यावर तिची प्रतिष्ठापना होते, पाहुण्यांना ती दाखवली जाते, आणि तिच्यावर प्रेम करण्याचा माणसाला ठाऊक असलेला एकमेव मार्ग पाणी घालण्याचा असल्यामुळे तिला रोज पाणी घातले जाते. ऑर्किड मरतात ती तहानेने क्वचित आणि मायेने बहुधा. कुंडी पारदर्शक का असते, हे विकत घेणारा विचारत नाही: त्याच्या मुळांवर व्हेलामेन नावाचे स्पंजासारखे आवरण असते, ते कोरडे असताना रुपेरी दिसते आणि ओले झाले की हिरवे, म्हणजे पाणी केव्हा हवे ते मूळ स्वतःच सांगत असते. दोन-तीन महिन्यांनी फुले गळतात, दांडा वाळतो, आणि ‘गेले बिचारे’ असे म्हणून कुंडी कचऱ्यात जाते. तसे करू नये. पाने हिरवी आणि मुळे टणक असतील तोवर झाड जिवंत आहे असे समजावे, ते उजेडात पण कडक उन्हाबाहेर ठेवावे, मुळे रुपेरी दिसल्यावरच पाणी द्यावे, तळाशी साचलेले ओतून टाकावे, आणि शरदात रात्री गारठू लागल्या की पानांच्या बगलेत नवा दांडा येतो का ते पाहत राहावे.